मामेसासऱ्यांच्या चान्या

माझ्या बायकोच्या मामांइतका खरं बोलून घोटाळे करणारा माणूस उभ्या नागपुरात झाला नाही, आणि होऊही नये, कारण एक होता तेवढ्यानंच आमच्या तोंडाला फेस आला होता. खोटं बोलणारा एकदाच फसवतो आणि मोकळा होतो. मामा खरं बोलायचे, आणि ज्याच्यापुढे बोलू नये नेमकं त्याच्याचपुढे बोलायचे. गांधीबागेत कापडाच्या दुकानात ते गठ्ठे बांधायला होते. मालक गिऱ्हाइकापुढे तागा उलगडून रंगाची हमी देत असायचा आणि हे मागून दोरी आवळता आवळता म्हणायचे, "बाई, दोन धुण्यात जाते हा रंग. मागच्या हप्त्यात तिघीजणी भांडून गेल्या." अशी तीन दुकानं सुटली. चौथा मालक शहाणा निघाला. त्यानं मामांना थेट मागच्या गोदामात बसवलं, जिथे गिऱ्हाईक कधी फिरकत नसे. तिथे ते टिकले.

असं का करता म्हणून विचारलं की मामा गोंधळून माझ्याकडेच बघायचे. आम्ही दोन्ही घरं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि मामांनी तर पांढरे कपडे घालून स्वतः पाच शीलं घेतलेली. "पाचही पाळीन म्हटलं होतं, जवाई," ते सांगायचे. "पयलं, जीव न मारायचं, मटणात गेलं, पाचवं, दारू न प्यायचं, लोकाइच्या लग्नात गेलं. मधल्या दोघांची कधी परीक्षाच नाही झाली. आता हे खोटं न बोलायचं तेवढं हातात राह्यलं हाय, तेही सोडू का?" तरी खोटं बोलायची वेळ त्यांच्यावरही यायचीच. अशा वेळी ते डोकं खाजवायचे आणि समोरच्याला विचारायचे, "टाइम काय झाला?" समोरचा वेळ सांगेपर्यंत विषय बदलला तर बदलला, नाहीतर ते पुन्हा टाइम विचारायचे.

पण या माणसाचा हात! थंडी पडली की इंदोरा वस्तीतल्या निम्म्या घरांचं बारसं नि लग्न मामांच्या चुलीवर व्हायचं. मोठ्याचं मटण शिजवावं तर त्यांनीच. मोठ्याचं म्हणजे बैलाचं. आमच्यात तो शब्द असा अर्धाच बोलतात, आणि सदर भागातल्या सरकारी क्वार्टरात राहायला आल्यापासून मी तो अर्धाही बोलणं सोडलं होतं. मामा सकाळी सातला बाभळीच्या लाकडांवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवायचे, नळीची हाडं फोडून टाकायचे, कांदा निखाऱ्यात भाजायचे, खसखस, धने, कलमी म्हणजे दालचिनी वाटून घ्यायचे आणि मग दुपारी एकपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत बसायचे, "म्या मीठ टाकलं का गा?" कुणाला ठाऊक असणार? पण जेवायला बसलं की मीठ बरोब्बर असायचं. ते कसं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

माझी बायको पहिलटकरीण होती तेव्हाची ही गोष्ट. पाच महिने तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. चहा आणि टोस्ट, टोस्ट आणि चहा. सातवा लागला तरी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, काहीही करा पण हिला खायला घाला, नाहीतर दोघांचंही कठीण आहे. मी घाबरलो. सफरचंदं आणली, मुरंबा आणला. सगळं परत आलं. तिची आई कधीच वारलेली, म्हणून डोहाळजेवण मामांनी करायचं ठरलं. एका रविवारी ते आले, भाचीपाशी पाच मिनिटं बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पोरीले चान्या खाव्याशा वाटते. तिच्या मायच्या हातच्यासारख्या." चान्या म्हणजे मोठ्याच्या मटणाच्या लांब पट्ट्या, मीठ-हळद लावून उन्हात वाळवलेल्या, हिवाळ्यात त्या भाजून, कुटून, कांद्यावर परततात. मी बायकोला म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमाले सांगून काय करू? तुम्ही पयले खिडक्या लावता."

खरंच लावत होतो. आमच्या क्वार्टरात आमची जात सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती ठाऊक नसल्यासारखं वागायचं असं दोन्ही बाजूंनी न बोलता ठरलेलं होतं. वरच्या मजल्यावर आमच्या ऑफिसचे बडे बाबू राहत. त्यांची बायको मटण-मासळी खाणारी, मोकळ्या स्वभावाची, माझ्या बायकोची वरचेवर चौकशी करणारी. ते नातं मला जपायचं होतं. आणि इकडे मामांनी चान्या वाळवायला जागा निवडली ती आमचं परसदार! इंदोऱ्यात घारी फार, तुमच्याकडे ऊन चांगलं, असं म्हणून त्यांनी कपडे वाळवायच्या तारेवर पट्ट्या टांगल्या आणि खाली छत्री उघडून राखण करत बसले. वरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "मामा, काय वाळत घातलंय?" मामांनी डोकं खाजवलं. "टाइम काय झाला, बाई?" सव्वादहा, बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाई जिन्यात मला म्हणाल्या, "अहो, मामांना एखादं घड्याळ घेऊन द्या."

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी मी मामांना समोर बसवून पाठच दिला. परसात मोठ्या गंजात बोकडाचं, ते बाहेरच्यांसाठी. स्वयंपाकघरात शेगडीवर चान्या आणि नळीचा रस्सा, तो घरच्यांसाठी. आतलं आत, बाहेरचं बाहेर. कुणी विचारलंच तर सगळं बोकडाचं.

"पन जवाई, आमच्या इंदोऱ्याच्या बाया बाहेर बसल्या तं?"

"त्यांना आत बसवा."

"मंग वरच्या बाई आत आल्या तं?"

"त्या कशाला आत येतील?"

"ओटी भराले येतीन नं! पोरगी तं आतच बसन."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, मग चान्या बाहेर नेऊ आणि बोकडाचं आत आणू. ते म्हणाले, मग पोरीनं बाहेर बसून खायचं का? मी म्हटलं, नाही, आतच. फक्त बाई आल्या की ताट झाकायचं. ते म्हणाले, डोहाळजेवणात ताट झाकते का कोणी? तासाभरानं आतलं काय आणि बाहेरचं काय हे मलाही सांगता येईना. शेवटी मी ओरडलो, "तुम्ही तोंड उघडू नका, बस! मी बोलीन." ते लगेच कबूल झाले. बोलायचं नसलं की मामांइतका सुखी माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायको हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. समोर ताटात ज्वारीची भाकर, चान्या, वरून सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर. तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि तो पोटात राहिला. मी दारात उभा राहून तिच्या गळ्याकडे बघत होतो. तेवढ्यात वरच्या बाई आल्या, ओटी बाजूला ठेवून तिच्याशेजारीच बसल्या आणि हसून एक रिकामं ताट पुढे केलं. "किती चवीनं खातेय हो! मलाही हेच वाढा. काय आहे, सुकं मटण?"

मी म्हटलं, "हो, बोकडाचं."

झटकन म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. मामा हातात पळी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "टाइम काय झाला?" साडेबारा, कुणीतरी म्हणालं. बाईंचं ताट तसंच पुढे. त्यांनी पुन्हा विचारलं, "टाइम काय झाला?" मग मामांनी पळी खाली ठेवली. "बाई, हे मोठ्याचं हाय. तुमाले चालत नाही ते. जवाई घाबरले म्हून तसं बोलले. तुमच्यासाठी बोकडाचं बाहेर हाय, आनतो मी."

बाईंनी ताट मागे घेतलं. त्या मामांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आज माझा उपास आहे, विसरलेच होते." त्यांनी ओटी भरली आणि त्या गेल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आता ही रडणार, ताट सारणार, म्हणून मी बायकोकडे पाहिलं. तिनं भाकर संपवली होती. "मामा, आनखी वाढा," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि दोन्ही पचवल्या.

मी मात्र परसात जाऊन मामांवर तुटून पडलो. एवढं एक वाक्य गिळता येत नव्हतं? चार माणसांत माझी शोभा केलीत! मामा गंज घासत होते. त्यांनी मान वर केली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, नेहमीसारखे गोंधळले होते. "जवाई, एक सांगा, मले समजून नाही राह्यलं. तुमाले लाज कायची वाटते? मोठ्याची, का माही?"

मी हात धुवायला निघून गेलो.

फाल्गुनात मुलगी झाली, चांगली गुबगुबीत. मामा दर रविवारी सायकलवरून डबा घेऊन यायचे. पण आता ते सरळ आत येत नसत. फाटकापाशी घंटी वाजवायचे आणि विचारायचे, "कोणी आलं हाय का, जवाई?" कुणी असलं की डबा माझ्या हातात द्यायचे. "मंग मी बाजारात जाऊन येतो, थोडं काम हाय," म्हणायचे आणि सायकल वळवायचे. सदरच्या बाजारात त्यांचं कसलं काम? कसलंच नव्हतं. हे मला कळत होतं, आणि खरं सांगतो, तेव्हा बरंच वाटायचं. आता मामा जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर एक शील धरून बसलेला तो माणूस दर रविवारी माझ्यासाठी माझ्याच फाटकात खोटं बोलला, आणि राहू द्या तो बाजार, आत या, असं मी त्यांना एकदाही म्हटलं नाही.