पलंगाखालची खोकी

मंगळवारी सकाळी माझा नवरा आयर्लंडमधल्या लिमरिकच्या हॉस्पिटलमध्ये वारला. दुपारी मी एनिसला घरी आले.

घर भाड्याचं. करार त्याच्या एकट्याच्या नावावर होता, कारण जवळच्या शॅनन गावातल्या नोकरीसाठी तो आधी आला आणि मी नंतर. माझं नाव घालून घ्यायचं आम्ही दर वर्षी ठरवत असू आणि दर वर्षी ते राहून जाई.

पुण्यात आम्ही अकरा महिन्यांच्या करारांवर राहिलो होतो. मुदत संपत आली की मालक काय म्हणतो याची धाकधूक, मग एजंट, मग टेम्पो. त्यातून त्याला एक सवय लागली. सामानाची खोकी तो कधी टाकत नसे. चिकटपट्टी सोलून, घडी घालून पलंगाखाली सरकवून ठेवी. इथेही त्याने तेच केलं. "राहू दे गं, लागतील," म्हणायचा.

इथलं पहिलं वर्ष संपलं तेव्हा आम्ही बेसनाचे लाडू घेऊन घरमालकांकडे गेलो, आणखी वर्षभर राहू द्याल का विचारायला. ते निवृत्त शिक्षक. आम्ही काय विचारतो आहोत हेच त्यांना आधी कळेना.

"सहा महिने झाले तेव्हाच तुमचा राहण्याचा हक्क झाला," ते म्हणाले. "उद्या मला घर विकायचं झालं तरी कारण लिहून, मुदत देऊनच सांगावं लागेल." मग दुसरा लाडू उचलून म्हणाले, "पण विचारायला दर वर्षी या."

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "लाच फुकट गेली की गं." पुढच्या वर्षी मात्र बेसन भाजायला तोच उभा राहिला. खोकी पलंगाखालीच राहिली.

तो गेल्यावर सासूबाईंचा फोन आला. "करार त्याच्या नावावर ना? मग आता तुला तिथे कोण ठेवून घेणार? ये बाई इकडे."

मलाही तसंच वाटत होतं. भाडेकरूच नाही तर करार कसला. मी खोकी बाहेर ओढली. प्रत्येकावर मार्करने लिहिलेलं त्याचं अक्षर होतं. 'स्वयंपाकघर.' 'गरम कपडे.' 'पुस्तकं. जड आहे. तू उचलू नकोस.' त्या खोक्यात मी पुस्तकं भरायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. मला जायचं नव्हतं. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून तो रोज बूट चढवायचा. तिथला गालिचा झिजला होता, आणि दुसऱ्या कुठल्याही घरात ती पायरी नव्हती.

घरमालक भेटायला आले. नेहमीप्रमाणे आधी फोन करून, आणि मी या म्हणेपर्यंत दारातच उभे. हातात सफरचंदाचा केक. त्यांनी खोकी पाहिली.

"जाताय?"

"करार त्याचा होता."

"होता. पण तुम्ही त्याची बायको, आणि इथेच राहत होता. त्याच्या जागी भाडेकरू व्हायचं की नाही, हे कायद्याने तुम्ही ठरवायचं. मी नाही." ते जरा घुटमळले. "फक्त तसं लिहून द्यावं लागेल. तेवढं चुकत नाही."

दोन ओळींचं पत्र. तरी मला ते लिहिता येईना. फोनवर मी सगळ्यांना सांगितलं होतं, पण कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं. पहिल्या ओळीत, या घराचे भाडेकरू, माझे पती, यांचं निधन झालं आहे. त्यानंतरच दुसरी, की मी इथे राहू इच्छिते. मला राहायचं होतं ते तिथे तो अजून होता म्हणून, आणि राहायचं तर तो नाही असं सही करून द्यायचं होतं. कितीतरी दिवस मी दुसरीच ओळ तेवढी लिहून कागद बाजूला ठेवत राहिले.

शेवटी त्या पायरीवर बसून दोन्ही ओळी लिहिल्या.

घरमालकांनी पत्र उभ्यानेच वाचलं, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. "ग्रँड," म्हणाले, इथे 'ठीक आहे' म्हणतात तसं, पण अगदी हळू. मग दारातून वळून, "आता दर वर्षी परवानगी मागायला यायचं नाही हं."

"आणि लाडू?"

"लाडवांचं वेगळं."

भाडेकरू म्हणून आता माझं नाव आहे. पुस्तकं परत फळीवर लावली आहेत. खोकी घडी घालून पलंगाखाली आहेत, आणि सगळ्यांत वरच्या खोक्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं आहे, 'पुस्तकं. जड आहे. तू उचलू नकोस.'