लांडोरीला टर्की लिहा

"तुम्ही फक्त पक्षी निरोगी आहेत एवढं लिहा, मॅडम. पुढं त्यांचं आम्ही काय करतो, तो तुमचा विषय नाही."

रणजितभैय्या असं म्हणत होते आणि त्यांच्या टर्की आमच्या पायांत घोटाळत होत्या. एक माझ्या चपलेच्या पट्ट्याला चोच मारत होती. टर्की म्हणजे कोंबडीच्याच कुळातला पक्षी, फक्त चांगला थोराड. भैय्यांच्या टर्की पांढऱ्याशुभ्र होत्या आणि अंगानं इतक्या जड, की पंख असून त्यांना उडता येत नव्हतं. पिल्लं होती तेव्हापासून मानमोडी रोगाची लस त्यांना मीच दिली होती. माणूस दिसला की खायला आलं असं समजून त्या धावत यायच्या.

मी जिंतूर तालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. गाई, म्हशी, शेळ्या, बैल हे माझे रोजचे पेशंट. चारठाण्याची जुनी देवळं बघायला लोक येतात, त्यांच्यासाठी भैय्यांनी अलीकडच्या माळावर कृषी पर्यटन केंद्र काढलं होतं. हुरडा पार्टी, बैलगाडी, रात्री शेकोटी. हे चाललं होतं तोवर माझं काही म्हणणं नव्हतं.

"पण सर्टिफिकेट कशाला पाहिजे?" मी विचारलं.

भैय्यांनी मोबाईल काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. परदेशातलं जंगल, पानगळीचे दिवस. शिकवलेली कुत्री रानटी टर्कींच्या थव्यात घुसतात आणि थवा उधळून लावतात. पक्षी चहूकडे पांगतात. मग शिकारी कुत्र्याला जवळ घेऊन झुडपात दबून बसतो आणि तोंडानं टर्कीसारखा आवाज काढतो. पांगलेल्या पक्ष्यांना एकत्र यायचं असतं. आवाजाच्या दिशेनं ते परत येतात आणि तिथं बंदूक असते.

"फॉल टर्की हंटिंग," भैय्या म्हणाले. "दिवाळीच्या आधी आपण हे इथं सुरू करतोय. पूर्ण मराठवाड्यात कुणाकडं नाही. कुत्री आणली, ट्रेनर ठेवला. हवेवर चालणारी छऱ्याची बंदूक वापरायची, त्याला लायसनचीही भानगड नाही. आणि टर्की वन्य प्राणी नाही, त्यामुळं फॉरेस्टचा संबंध नाही. मी वकिलाला विचारलंय."

मला आधी वाटलं ते गंमत करतायत. त्यांचा चेहरा पाहिला. गंमत नव्हती.

"भैय्या, व्हिडिओतला पक्षी रानातला आहे," मी म्हटलं. "तो माणसाला चुकवून जगायला शिकलेला असतो. ह्या तर बादली वाजली की पळत येतात. यांना हाक मारायची आणि आल्या की गोळी घालायची?"

"तुम्ही मटण खात नाही का?"

"खाते."

"मग?"

हा प्रश्न मला नंतरही पुष्कळांनी विचारला, म्हणून इथं नीट सांगते. कापणारा माणूस एका झटक्यात मान कापतो. छऱ्याच्या बंदुकीनं एवढा मोठा पक्षी मरत नाही. दाट पिसांतून छर्रा छातीच्या मांसात जाऊन बसतो. पक्षी कोपऱ्यात अंग फुगवून उभा राहतो, दाणा सोडतो, जखम सडते आणि मग तो मरतो. असे पक्षी मी फाडून पाहिलेले आहेत. तेवढ्या वेळात पाहुणे फोटो काढून घरीही पोचलेले असतात.

हे सगळं मी भैय्यांना सांगितलं. सर्टिफिकेट देणार नाही, असंही सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच माझ्या साहेबांना फोन लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

साहेब परभणीला बसतात. ते म्हणाले, "मॅडम, पक्षी आजारी आहेत का?"

"नाही, सर."

"मग खामखा कशाला ताणता? निरोगी आहेत, निरोगी लिहा."

"सर, कशासाठी निरोगी हे मला माहीत आहे. तुम्ही लेखी आदेश द्या, मी त्याचा उल्लेख करून लिहिते."

 "बघू" म्हणून त्यांनी फोन ठेवला. आमच्या खात्यात लेखी हा शब्द काढला की बहुतेक फोन असेच संपतात. आदेश आला नाही आणि मी सही केली नाही. वर प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्याचा हवाला देऊन साहेबांना अर्ज पाठवला. त्याचं उत्तर मला अजून मिळायचं आहे.

भैय्यांचं माझ्यावाचून अडलं नाही. सोयाबीन निघालं, तुरी कमरेच्या वर गेल्या आणि एका रविवारी सकाळी दवाखान्याच्या फाटकात मोटरसायकल थांबली.

सोपान जाधव उतरले. हेच भैय्यांचे ट्रेनर. शेजारच्या गावचे, सैन्याच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. घरी थोडी कोरडवाहू जमीन. अंगात नुसतं बनियन होतं. शर्टात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी छातीशी धरलं होतं आणि शर्टाला रक्त लागलं होतं.

"मॅडम, लय वाईट झालं," ते म्हणाले. "आधी हिला बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

शर्ट उघडला. आत लांडोर होती. मोराची मादी. डोक्यावर तुरा, मानेवर हिरवी झाक, डोळा सताड उघडा. डावा पंख खाली लोंबत होता.

मी टेबलावर कापड अंथरलं. तिच्या डोक्यावर फडकं टाकलं, कारण दिसेनासं झालं की पक्षी शांत होतो. सोपानरावांनी तिचे पाय धरले. पंखाच्या दंडाचं हाड मोडलं होतं. जखम धुता धुता मी काय झालं ते विचारलं.

"सकाळी पाहुणे आले, हैदराबादचे," सोपानराव सांगू लागले. "टर्की सोडल्या. मी कुत्र्यांना इशारा केला. कुत्री धावली, पण टर्की काय पळंनात. उलट्या माझ्याकडंच आल्या, पायात. कुत्री बी येडबडली, माझ्याच तोंडाकडं बघायलीत. पाहुणे हसायला लागले. एक म्हणला, ये तो पोल्ट्री फारम है. भैय्याला ते लागलं."

"मग?"

"तेवढ्यात शेजारच्या तुरीत मोर ओरडला. भैय्या म्हणले, कुत्री तिकडं सोड. मी न्हाई म्हणलो. मोर हाय तो, आत जायची पाळी यील म्हणलो. तर त्यांनी माझ्या हातातनं पट्टे हिसकले अन् स्वतः सोडली कुत्री. चार-सहा लांडोरी भर्रकन उठल्या. पाहुण्यानं बंदूक चालवली. ही पडली. राणीनं, त्यातल्या एका कुत्रीनं, उचलून माझ्याजवळ आणली. भैय्या म्हणत होते इकडं दे. मी दिली न्हाई. गाडीला किक मारली अन् आलो."

  मी हात धुतले आणि आधी वन विभागाला फोन केला. मोर राष्ट्रीय पक्षी आहे, वाघाला जे कायद्याचं संरक्षण आहे तेच त्याला आहे. जखमी मोर हाताशी आला की उपचार करायचे आणि वन विभागाला कळवायचं, ही माझी जिम्मेदारी. त्यात कुणाला विचारायचा प्रश्न येत नाही.

वनपाल यायच्या आधी भैय्यांची गाडी आली. ते एकटेच आत आले. टेबलाकडे पाहिलं, सोपानरावांकडे पाहिलंच नाही.

"मॅडम, एवढं मोठं काही झालेलं नाही," ते म्हणाले. "केसपेपर केलाय का?"

"करतेय."

"मग त्याच्यावर टर्की लिहा."

मला ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. "टर्की. आमच्या फार्मवरची. जखमी झाली, तुम्ही इंजेक्शन देऊन शांत केली. विषय संपला. तुम्हालाही त्रास नको, मलाही नको."

चौदा विद्या सोडा, शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही लांडोर ओळखता येते. ती माझ्या हाताखाली श्वास घेत होती. आणि हा माणूस मला सांगत होता, की हिचं नाव बदल आणि मग हिला मार. इतकी वर्षं नोकरी केली, शिव्या खाल्ल्या, गावकीच्या भांडणात अडकले, पण असा संताप मला कधी आला नव्हता.

"बाहेर जाऊन बसा," मी म्हटलं. "माझा पेशंट घाबरलाय."

"मॅडम, मी कुणाशी बोललो तर..."

"बाहेर बसून बोला."

वनपाल आले, सोबत दोन पंच घेऊन. आता खरं नवल पुढं आहे. बाहेर बाकावर बसून भैय्यांनी तेवढ्या वेळात गोष्टच बदलली होती. टर्की गेली, लांडोर आली. पण आता बंदूकच नव्हती. "कुत्री सोपानची," ते वनपालांना सांगत होते. "त्याच्या हातातून सुटली आणि तुरीत घुसून त्यांनी लांडोर फाडली. आम्हीच त्याला दवाखान्यात पाठवलं."

वनपालांनी सोपानरावांकडे पाहिलं. "कुत्री कोण सांभाळतं?"

"मीच सांभाळतो, साहेब," सोपानराव म्हणाले. "पण..."

"म्हणजे तुमच्याच ताब्यात होती ना?"

"ताब्यात होती, पण..."

वनपाल लिहू लागले. मला त्यांचाही राग आला. ते वाईट माणूस नव्हते. पण एकाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि दुसऱ्याच्या अंगात बनियन, आणि पेन कुणीकडे वळला ते मी बघत होते. सोपानरावांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. ज्या माणसानं पक्षी वाचवायला नोकरीवर पाणी सोडलं, त्याच्याच नावावर गुन्हा चढत होता.

"साहेब, लिहायचं थांबवा," मी म्हटलं. "आधी इकडं या आणि पक्षी बघा."

कुत्रं चावतं तेव्हा जखम कशी होते, ते मी रोज बघते. शेळ्या येतात, वासरं येतात. वरच्या आणि खालच्या सुळ्यांची भोकं समोरासमोर असतात. कातडी ओढून फाटलेली असते, आतलं मांस चेंगरलेलं असतं. मी लांडोरीची पिसं बाजूला करत करत मान, पाठ, छाती, मांड्या सगळं वनपालांना आणि पंचांना दाखवलं. कुठेही दाताचं भोक नव्हतं. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"पण कुत्र्यानं तोंडात धरून आणली ना?" एका पंचानं विचारलं.

"आणली. शिकारी कुत्र्याला पक्षी दाबायचा नाही हे शिकवतात. सोपानराव, तुम्ही कसं शिकवलंत?"

"अंडं देऊन," ते हळूच म्हणाले. "तोंडात कच्चं अंडं द्यायचं अन् न फोडता आणायला लावायचं. दोघी बी आणतात, मॅडम."

मग मी मोडलेल्या हाडाच्या पलीकडे बोट ठेवलं. कातडीखाली एक कठीण गोळी हाताला लागत होती. वनपालांचं बोटही तिथं ठेवलं. जागा बधिर केली, बारीक छेद दिला आणि चिमट्यानं छर्रा बाहेर काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला.

"कुत्रं छर्रा मारत नाही, साहेब," मी म्हटलं.

 वनपालांनी लिहिलेल्या कागदावर आडवी रेघ मारली आणि नवा कागद घेतला. "हं, सोपानराव," ते म्हणाले, "पहिल्यापासून सांगा."

सोपानरावांनी सगळं सांगितलं. भैय्या दाराशी उभे राहून फोनवर फोन करत होते. त्यातला एक थोड्या वेळानं माझ्याकडे आला. साहेब होते.

"मॅडम, तुम्ही मला न विचारता परस्पर वन विभागाला का कळवलं?"

"सर, आत्ता माझ्या हातात मोडका पंख आहे. बांधून झाला की बोलते."

पंख अंगाशी घेऊन मी बांधला.

छर्रा सीलबंद होऊन गेला. पाहुण्याची बंदूक जप्त झाली. गुन्हा पाहुणा आणि भैय्या या दोघांवर नोंदला गेला, सोपानराव साक्षीदार झाले. दोघांना पुढं जामीन मिळाला. केस कोर्टात आहे आणि तारखा पडतायत. पर्यटन केंद्रावर आता पक्षीनिरीक्षणाचा बोर्ड लागलाय. मला खात्यानं लेखी खुलासा मागितला. तेव्हा मात्र लेखी आलं. मी उत्तरात लिहिलं, की पक्षी जिवंत होता आणि घाई होती.

टर्की दिवाळीनंतर विकल्या गेल्या. कापल्याच असतील. माझी त्याला हरकत नव्हती, आजही नाही. कुत्री भैय्यांना नकोशी झाली, ती सोपानरावांनी घरी नेली. लांडोरीचं हाड जुळलं, पण थोडं वाकडं. ती झाडावर चढते, उडते बेताचीच. वन विभागानं तिला आपल्या केंद्रात ठेवलंय.

नवीन डॉक्टर दवाखान्यात रुजू झाले की मी त्यांना एकच गोष्ट सांगते. आपला पेशंट बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीनं बोलायला सगळे येतात. मालक येतो, साहेबांचा फोन येतो, गाव येतं. आधी जनावर तपासायचं आणि दिसेल ते लिहायचं. माणसांचं नंतर ऐकायचं, आणि ऐकताना हातातलं काम थांबवायचं नाही.