गौरी रंगवणारे नाना

चितारी नानांच्या घरात हळद कधी टिकली नाही. नानी बाजारातून आणलेली पुडी फडताळात ठेवायची, आणि चार दिवसांनी फोडणीच्या वेळी हात घालावा तर हाताला नुसता कागद लागायचा. कुंकवाचं तेच आणि निळीचंही तेच. काजळ धरायला नानीनं दिव्यावर वाटी पालथी घातली की नाना तिच्याभोवती घुटमळायला लागायचे. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच, त्यामुळे नानीचा आवाज आमच्या चुलीपर्यंत यायचा. "हळद भाजीला हाय का देवीच्या गालाला, ते एकदा सांगून टाका!"  नाना पांढऱ्या भाजीशी भाकरी खायचे आणि वर भाजी छान झाली म्हणायचे.

ते काही धंद्यानं चितारी नव्हते. मुठा नदीच्या काठाला त्यांची भाताची दोन खाचरं होती आणि वरच्या अंगाला डोंगरउतारावर नाचणीची वरकस जमीन. आमच्यासारखंच त्यांचं घर शेतकऱ्याचं. पण चिखलणी करताना बैल वळवायला थांबले तरी हातातल्या काठीनं बांधावर मोर काढून मोकळे व्हायचे. बेंदराला गावातल्या निम्म्या बैलांची शिंगं त्यांच्या हातची असायची. लग्नघरची भिंत सारवून झाली की पोराला पिटाळलं जायचं, "नानाला बोलीव." नाना शिंदीच्या काडीचं टोक दगडावर ठेचून कुंचला करायचे, गेरूची करवंटी घेऊन उकिडवे बसायचे आणि दुपारपर्यंत भिंतीवर वरात उभी करायचे. वरातीतल्या घोड्याचे पाय मात्र त्यांना कधी जमले नाहीत. "घोडा आपल्या गावात येतुया कुटं? बगायचा कसा?" म्हणायचे, आणि घोड्याच्या पायाशी भरपूर गवत काढायचे.

पण त्यांचं खरं काम भादव्यातलं. आमच्याकडे तेरड्याची गौर. तेरड्याच्या जुडीला लुगडं नेसवायचं आणि वर मुखवटा बसवायचा. पितळी मुखवटे गावात दोनतीन घरांत होते, बाकी सगळ्यांच्या गौरी नानांच्या हातच्या. श्रावण लागला की शाळेच्या मास्तरांकडची जुनी वर्तमानपत्रं आणायचे. पालथ्या मडक्यावर खळीनं कागदाचे थर चिकटवायचे, वाळले की वरून पांढऱ्या मातीचा हात द्यायचे. मग गाल, ओठ, नथ, भांग. त्यांच्या माळ्यावर गौरी ओळीनं वाळत असायच्या, सगळ्या बिनडोळ्यांच्या. लहानपणी आम्ही शिडीवरून डोकावायचो आणि घाबरून पळायचो.

डोळे नाना आधी काढायचेच नाहीत. गौर घरात आली, कुंकवाच्या पावलांवरून आत नेली, जागेवर बसवली, की घरची बाई दिवा धरून उभी राहायची आणि नाना काजळात काडी बुडवून डोळे उघडायचे. मी एकदा विचारलं, घरीच का नाही काढत? तर म्हणाले, "येडी हायेस. डोळं उघडलं की समोर दिसंल ते तिचं घर. माळ्यावर उघडलं तर सगळ्या गौरी माज्याच घरी ऱ्हायच्या की." त्या दिवशी सबंध गाव फिरून नाना सगळ्यात शेवटी आपल्या घरी जायचे. नानी ताटकळून वैतागलेली असायची.

विसर्जनाला मात्र नाना नदीवर जात नसत. तेरडा आणि मुखवटा दोन्ही पाण्यात सोडायची आमची रीत. स्वतःच्या हातानं केलेलं इतकं सगळं वाहून गेलेलं कसं बघवतं, असं कुणी म्हटलं की हसायचे. "गौर तिसऱ्या दिशी जातीच. ठिवून घ्यायची नसती ती." पुढच्या श्रावणात पुन्हा मास्तरांच्या दारात वर्तमानपत्रं मागायला हजर.

माणूस गोड, पण भांडणाला फार भ्यायचा. बांधावरून कुणी दोन वाफे आत सरकला तरी नाना तोंड उघडायचे नाहीत. चार माणसं मोठ्यानं बोलायला लागली की हे हळूच उठून गोठ्यात जाऊन बसायचे. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. माझी आई म्हणायची, देवमाणसाच्या बायकोचं काय हाल असत्यात ते नानीला विचारा.

त्यांना लेक एकच, कुसुम. आम्ही सगळ्या तिला कुसा म्हणायचो. माझ्याच वयाची. लहानपणी आम्ही दोघी आंब्यावर चढलो होतो, ती पडली आणि डावी भुवई फाटली. खोक भरून आली, पण भुवईत मधे बारीकशी फट राहिली ती राहिलीच. नानांच्या कामात मदत तीच करायची. खळ शिजवायची, गेरू वाटायची आणि वडिलांना हळद चोरून आणून द्यायचीसुद्धा. दोघं बापलेक माळ्यावर बसून हसत असायची आणि खालून नानी ओरडत असायची. मी आयुष्यात पुष्कळ घरं बघितली, पण इतकं हसू कुठल्या घरात ऐकलं नाही.

कुसाला घाटाखाली दिली. ताम्हिणी उतरून गेलं की कोकणात तिचं गाव. घर खाऊनपिऊन सुखी आहे, असं मध्यस्थानं सांगितलं, आणि नानांनी दोनदा विचारलं नाही. लग्नानंतर पहिल्या गौरीला ती माहेरी आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. लुगडं अंगावर नुसतं लटकत होतं. नदीवर तेरडा आणायला गेलो तेव्हा म्हणाली, "पोटाला घालत न्हाईत गं. रातच्याला चुलीची राख चाचपते, एखादं रताळं ऱ्हायलं आसंल तर." मी ते आईला सांगितलं, आईनं नानीला. नानीला आधीच कळलं होतं. लेकीचं आईला कळायला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दीर न्यायला आला. कुसा पडवीच्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. ओरडली नाही, नुसती खांबाला गाल लावून रडत होती. नानीनं पदर पसरला. "ऱ्हाऊ द्या हो तिला. दिवाळीपातुर तरी ऱ्हाऊ द्या." अंगणात माणसं जमली होती. दीर खाकरला. नानांनी इकडेतिकडे बघितलं, मग पुढे होऊन एकएक करून लेकीची बोटं खांबावरून सोडवली. अगदी हळुवार सोडवली. डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "शाणी माजी बाय. गौर तिसऱ्या दिशी जातीच की." ती गेली. वळणावर वळून बघितलं तिनं. तोवर नाना गोठ्यात गेले होते.

दुसऱ्या वर्षी निरोप आला, कुसाला दिवस गेलेत, गौरीला पाठवतो. नानांच्या पायाला भिंगरी लागली. त्या वर्षी त्यांच्या घरच्या गौरीच्या कानांत असे काप काढले की नानीसुद्धा हळदीचं काही बोलली नाही. गौरी आल्या, नानांनी गावभर डोळे उघडले आणि आपल्या घरी येऊन काडी बाजूला ठेवून दिली. म्हणाले, "कुसा दिवा धरंल. ती आली की उघडतो." संध्याकाळ झाली. नानी म्हणाली, देवीला असं ताटकळत ठेवू नये. नाना म्हणाले, "घाटात पाऊस हाय. यील सकाळच्याला."

सकाळी अंगणात एक माणूस उभा राहिला. डोक्यावर इरलं, ढोपरापर्यंत चिखल. कुसाच्या सासरच्या गावचा. इरलं न काढताच त्यानं सांगितलं. ताप आला होता. वैद्य मिळाला नाही. घाटाची वाट बंद होती म्हणून कळवता आलं नाही. सगळं उरकून घेतलं.

नानीचा टाहो मला अजून ऐकू येतो. नाना रडले नाहीत. "पोटुशी व्हती ना?" एवढंच विचारलं, जणू त्या माणसाची काही चूक होत असावी. सुतक पडलं. माझ्या आईनं आणि दोघी शेजारणींनी मिळून त्यांची गौर उतरवली आणि नदीला नेली. तिला डोळे नव्हते. आईनं तिचं तोंड पदरानं झाकून नेलं.

पुढच्या श्रावणात नानांना कुणी काही विचारलं नाही. बायकांनी आपसांत ठरवलं होतं, औंदा नुसती तेरड्याची गौर बसवायची. पण नाना आपणहून मास्तरांकडे गेले. गौरी केल्या. आणायच्या दिवशी आमच्याकडे आले तेव्हा आई दिवा धरून उभी होती, मी तिच्या मागे. नानांनी उजवा डोळा काढला, डावा काढला. मग भुवया. डावी भुवई अर्ध्यावर आणून काडी उचलली, थोडी जागा सोडली आणि पुढं रेघ ओढली.

आईनं दिवा आणखी जवळ नेला.   नाना करवंटी उचलून पुढच्या घरी गेले. संध्याकाळपर्यंत घराघरांतून कुसा बसली होती, नथ घालून, पोटभर नैवेद्य पुढ्यात घेऊन. बायका एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जात होत्या आणि पदर तोंडाला लावून बाहेर येत होत्या. नानीही प्रत्येक घरी गेली. प्रत्येक घरी गौरीपुढे बसली, आणि ताटातला पुरणपोळीचा घास तिच्या ओठाला लावून उठली.

तिसऱ्या दिवशी नाना नदीवर आले. पाणी गढूळ, चढलेलं. बायकांनी एकएक करून गौरी सोडल्या. सगळ्यात मागे नाना होते, आपल्या घरचा मुखवटा दोन्ही हातांनी छातीशी धरून. कुणीतरी म्हणालं, "नाना, सोडा आता, दिवस मावळतोय." तेव्हा ते लहान मुलासारखे म्हणाले, "औंदा ऱ्हाऊ द्या हिला."

 तोंड भरून 'राहू द्या' म्हणावं असं माझ्या मनात आलं, पण बोलली ती नानी. आवाज चढवला नाही तिनं. "तवा म्हनायचं व्हतं. खांबाला धरून रडत व्हती तवा."

 नाना पाण्यात उतरले, वाकले आणि मुखवटा सोडला. त्यानंतर त्यांनी काडी हातात धरली नाही. बेंदराला नाही, लग्नाला नाही. पुण्याच्या बाजारातून छापील गौरी यायला लागल्या, सगळ्यांचे गाल सारखे गुलाबी. नानीच्या फडताळात हळद तशीच राहायची आणि पुडीत पोरकिडे व्हायचे.

पुढे माझं लग्न माण गावातल्या एका घरात झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. नवरा मारायचा, एवढं पुरे. तीन वर्षं काढल्यावर एका गौरीला मी माहेरी आले आणि आईला पाठ दाखवली. आई रडली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली. वाईट नव्हते माझे बाबा. त्यांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. मी बोचकं घेऊन दाराशी आले, तर नाना आमच्या उंबऱ्यावर बसलेले. उंबऱ्यावर कुणी बसत नाही. आई म्हणाली, "नाना, उंबऱ्यावर नगा बसू." ते हलले नाहीत.

"बाबू," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "न्यायची तर माज्या अंगावरनं न्यावी लागंल."

आयुष्यात नाना इतक्या मोठ्यानं बोललेले कुणी ऐकलं नव्हतं. शेजारपाजारचे गोळा झाले. बाबा ओशाळून म्हणाले, "नाना, असं काय करताय? लोक काय म्हनतील?"

"मला लई चांगलं म्हनले रं लोक," नाना म्हणाले. "पोरगी येळंला लावून दिली म्हनले. देवमानूस म्हनले." दाराची चौकट त्यांनी दोन्हीकडून घट्ट धरली होती. "तू वाईट म्हनून घे. पर पोरगी ठेव."

 बाबांनी अंगणात जाऊन बैल सोडले. मी परत गेले नाही. पुढे शिकले, पौडच्या शाळेत शिकवायला लागले, आणि आज हे लिहायला जिवंत आहे.

मला वाटलं होतं, मी डोळ्यांसमोर असले की नानांना बरं वाटेल. मी मुद्दाम त्यांच्या दारावरून पाण्याला जायचे, कधी वाटीभर कालवण न्यायचे. पण मी दिसले की नाना मान खाली घालायचे. वाटी घ्यायचे, वर बघायचे नाहीत. पुढे पुढे माझा आवाज ऐकला की उठून गोठ्यात जायला लागले. एकदा मी नानीला विचारलं, "नाना माझ्यावर रागावलेत का गं?"

नानी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "राग कसला? तू दिसलीस की त्यास्नी वाटतं, येवढंच तर करायचं व्हतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या दारावरून गेले नाही. घागर घेऊन गोठ्याच्या मागच्या वाटेनं, आडबाजूनं जायचे. पुढे दोन पावसाळे नाना होते. ते गेले त्या सकाळी मी पुढच्या दारानं आत गेले.