वहीत न लिहिलेला प्रश्न

भाऊ गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मी एक वही केली. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. काही कळेनासं झालं की त्या विषयावरची पुस्तकं काढून बसायचं, ही माझी जुनी सवय. दुःखावरची पुस्तकं मी काढली नाहीत. नव्या कंपनीत अगदी सुरुवातीला स्वतःच्या खिशातला पैसा घालणारी माणसं काय बघतात, यावरची काढली.

भाऊ आणि त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, दोघांनी बिडकीनला भाड्याच्या शेडमध्ये कंपनी सुरू केली होती. जिवंत शेळ्या-मेंढ्या तोलायचा काटा बनवायची. जनावर काट्यावर स्थिर उभं राहत नाही, आकडा नाचत राहतो. त्या नाचणाऱ्या आकड्यांतून खरं वजन काढायची रीत भावानं संगणकावर बसवली आणि काटा मित्रानं बांधला. मित्राच्या घरात तीन पिढ्यांपासून तराजू-काटे दुरुस्तीचा धंदा आहे. मग भाऊ डेंग्यूनं आठ दिवसांत गेला. आई-वडील आधीच गेलेले, त्याचं लग्न झालेलं नव्हतं. कंपनीतला त्याचा निम्मा हिस्सा माझ्या नावावर आला.

शेड आणखी तीन महिने चालेल एवढंच शिल्लक होतं. नवा पैसा आला नाही तर कुलूप लागणार होतं. जवळच्या औद्योगिक वसाहतीत मित्राला नोकरी तयार होती आणि ती घे असं त्याच्या घरचे सांगत होते. भावाचं म्हणून जे चालतं-बोलतं उरलं होतं, ते त्या शेडमध्येच होतं.

अशा वेळी एक गृहस्थ शेड बघायला यायला तयार झाले. पूर्वी त्यांचा सुट्या भागांचा छोटा कारखाना होता. तो विकून आता ते नव्या पोरांच्या कंपन्यांत पैसा घालतात. अशा माणसाला एंजल इन्व्हेस्टर म्हणतात, हे मित्रानं त्याच्या अब्बांना समजावून सांगितलं. अब्बा म्हणाले, "फरिश्ता? बेटा, फरिश्ते तो दोनों कंधों पे बैठ के लिखते रहते. देते कब देखे तू?" माणसाची बरी-वाईट कर्मं लिहून ठेवणारे खांद्यांवरचे देवदूत त्यांच्या मनात होते.

रोज संध्याकाळी मित्र आमच्या पुंडलिकनगरच्या घरी यायचा. ते गृहस्थ काय विचारतील ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. तेच प्रश्न मी विचारायची, तो उत्तरं द्यायचा.

"गिऱ्हाईक कोण?"

"मेंढपाळ."

"व्यापारी का नाही?"

"व्यापाऱ्याला काटा कायकू पायजे ताई? त्याचा काटा त्याच्या हातात. बकरी कमरेतून उचलली की त्याला वजन कळतं. समोरच्याला कळू नये, हीच तर त्याची कमाई."

"नातेवाईक सोडून कुणी पैसे देऊन वापरलाय?"

"हौ. पाचोडकडची एक आजी. बाजाराच्या आदल्या दिवशी कळप तोलून घेते."

"चुकतो कधी?"

"चुकतो. लोकर भिजली की चुकतो."

"हे असंच सांग. लपवू नकोस."

"ताई, तुम्ही त्या साहेबांपेक्षा जास्त डेंजर आहात."

मला हसू यायचं, आणि मी पुढचा प्रश्न वाचायची. पुस्तकांतून एवढं कळलं होतं की ही माणसं वस्तूपेक्षा माणूस आधी बघतात. तो टिकेल का, आपल्याला काय येत नाही ते त्याला ठाऊक आहे का, परक्या माणसानं त्याला दाम मोजलाय का. कंपनी रांगत असते, आकडे खरे म्हणावेत असे नसतातच. म्हणून ते चेहरा वाचतात. असे एकतीस प्रश्न मी लिहिले.

बत्तिसावा मी वाचला होता, पण लिहिला नाही. कंपनीत काहीच काम न करणाऱ्या माणसाकडे मोठा हिस्सा पडून असेल, तर पैसा घालणारा मागे सरतो. कारण काम करणाऱ्यांना द्यायला मग फार थोडं उरतं. त्या पानाशी मी बराच वेळ थांबले. नंतर पुस्तक मिटून स्वतःच्या हातानं कपाटात ठेवून आले.

मित्रालाही ते ठाऊक असणार, असं मला वाटायचं. कधी तो "ताई, अजून एक..." म्हणायचा आणि मग चहाचं काहीतरी बोलायचा. आमच्या शहरात लिहाज हा शब्द मराठी घरांतही चालतो. मोठ्यांसमोर किंवा दुःख झालेल्या घरात खरी गोष्टसुद्धा तोंडावर आणायची नाही, तो लिहाज. आम्ही दोघं तो एकमेकांचा ठेवत होतो.

गृहस्थ ठरल्या वेळेच्या आधी आले. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला. निम्म्या हिस्स्याची मालकीण म्हणून मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. पाचोडकडच्या त्या आजीचा नातेवाईक एक शेळी घेऊन आला होता. तिनं काट्यावर चढायला नकार दिला, चढवल्यावर उडी मारली, पुन्हा चढवली तर तिथंच मुतली.

गृहस्थ म्हणाले, "हे वजन वजा केलं का?"

मित्र घामेजला होता. तरी म्हणाला, "नाही सर. ते अजून काट्याला कळत नाही."

ते हसले. मला वाटलं, झालं, जमलं. पुढचा अर्धा तास ते विचारत गेले. जवळजवळ सगळे प्रश्न वहीतले होते. आजी पैसे का देते, असं त्यांनी त्या नातेवाइकालाच विचारलं.

तो म्हणाला, "येपारी म्हंतो वीस किलो, काटा म्हंतो सव्वीस. म्हातारी म्हंती, येपारी माझा जावई नाय, म्या काट्याचंच ऐकीन."

गृहस्थांनी मान डोलावली. मग मित्राकडे वळून विचारलं, "तयारी कुणी करून घेतली?"

"ताईंनी."

त्यांनी टेबलावरची वही उचलली आणि सावकाश पानं उलटली.

"हिस्से कसे आहेत?"

"अर्धे-अर्धे."

"दुसरा अर्धा यांचा. ताई, तुम्ही कंपनीत काय बघता?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी ग्रंथपाल आहे."

"राग मानू नका. कारखान्यात न हलणाऱ्या मालाला आम्ही बसलेला माल म्हणायचो." त्यांनी वही मिटली. "यात सगळं आहे, फक्त हा हिस्स्याचा प्रश्न नाही. राहिलं, की राहू दिलं?"

शेळी ओरडत होती. मी म्हटलं, "राहू दिलं."

मित्र घाईघाईनं म्हणाला, "सर, मलाही माहीत होतं. पण तो हिस्सा माझ्या मित्राचा आहे. मी त्याला हात लावणार नाही. पाहिजे तर माझा कमी करा."

वाटलं होतं, यावर ते विरघळतील. ते विरघळले नाहीत.

"काटा चांगला आहे," ते म्हणाले. "मला काळजी तुमची आहे. उद्या काटा चुकला, त्या आजीचं नुकसान झालं, तर तिच्या दारात जाऊन सांगाल? की तिचाही लिहाज ठेवाल? ताईंना चार महिने एक गोष्ट सांगता आली नाही तुम्हाला."

मी तोंड उघडलं. 'मी सोडते' हे शब्द ओठांवर होते. त्यांनी हात वर केला.

"तुम्ही आपणहून सोडलं तर मला चालणार नाही. यांनी मागायचं. आठ दिवस वाट बघतो."

त्या आठ दिवसांत मी नीट जेवले नाही. फोन वाजला की दचकायची. मित्राचा फोन यायचा, पण बोलणं लोकरीचं, भाड्याचं. चौथ्या दिवशी 'माग' असं मीच त्याला लिहून पाठवायचं ठरवलं, दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. मी मदत केली असती, तर आमचा दोघांचा जुना लिहाजच चालू राहिला असता. आणि खरं सांगायचं तर भीती दोन्हीकडून होती. तो मागणार नाही याची, आणि मागेल याचीही. कंपनीच्या कागदावर भावाच्या जागी माझं नाव होतं, आणि तेवढ्यामुळे ती जागा अजून त्याचीच आहे असं मला वाटत राहायचं.

सातव्या दिवशी संध्याकाळी तो आला. पाणी प्यायला. पंख्याचा आवाज येतोय, तेल घालायला हवं, म्हणाला. ग्रंथालयात गर्दी असते का, विचारलं. मी एकेका शब्दात उत्तरं देत होते. चहा करायला उठावंसं वाटत होतं, पण उठले असते तर तो सुटला असता. मी पदर मुठीत धरून बसून राहिले. इतकं कठोर मी कुणाशी वागल्याचं मला आठवत नाही.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मला तुमचा हिस्सा पाहिजे."

तो थांबला नाही, हे बरं झालं.

"तुमच्याकडं कंपनीचा दहावा भाग राहील. तो कायम, त्याला कुणी हात लावणार नाही. बाकीचा कंपनीकडं, जे काम करतील त्यांच्यासाठी."

मी मनात पाचवा भाग धरला होता. धरला होता, हे तेव्हाच कळलं. तोवर मला वाटत होतं की मी सगळंच सोडायला तयार आहे.

"दहावा कमी आहे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. आता तो नमणार, 'जाऊ द्या ताई' म्हणणार, असं मला वाटलं. माझ्यातल्या कुणाला तरी ते हवंही होतं.

"कमी आहे," तो म्हणाला. नजर त्यानं खाली घातली नाही. "मला माहीत आहे कमी आहे. पण त्याच्यापेक्षा जास्त देता येत नाही, ताई."

मला फार लागलं ते. आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच वाटलं की शेड राहील.

"कागद कधी आणतोस?" मी विचारलं.

त्यानं सोबतच आणले होते.