कापसाच्या ओळीतलं लॅटिन

लॅटिन आमी कापूस वेचता वेचता शिकलो, असं सांगितलं की माझे विद्यार्थी हसतात. हसा म्हणावं. झरीचं आमचं रान मला अजून लख्ख दिसतं, आणि ते दिवस आठवले की जीव कासावीस होतो.

मी आणि माझी मैत्रीण, दोघी परभणीला बी.एस्सी.ला. वनस्पतींची नावं शिकवणाऱ्या बाईंना लॅटिनचं लय वेड. नुसती घोकंपट्टी त्यांना खपत नसे. शब्द कुठून आला ते सांगा, रूपं चालवून दाखवा! त्यात सारखे दिसणारे शब्द म्हणजे डोक्याला ताप. एक ‘लिबेर’ म्हणजे झाडाची आतली साल, आणि पूर्वी सालीवर लिहीत म्हणून पुस्तकही. दुसरा ‘लिबेर’ म्हणजे मोकळा, स्वतंत्र. कागदावर जुळे भाऊ, पण षष्ठी केली की पितळ उघडं पडायचं. पहिल्याचं ‘लिब्री’, दुसऱ्याचं ‘लिबेरी’.

सुट्टीच्या दिवशी ती आमच्या रानात वेचणीला यायची. शेजारशेजारच्या ओळी धरायच्या, एकीनं शब्द टाकायचा, दुसरीनं रूपं चालवायची. जी चुकेल तिनं दोन्ही ओळी वेचायच्या. बहुतेक वेळा दोन ओळी माझ्याच गळ्यात पडायच्या. लसणाला ‘सातिवुम’ आणि भाताला ‘सातिवा’ का, हे मला काही केल्या उमगेना. ती म्हणाली, अगं, आपण चांगला, चांगली, चांगलं म्हणतो ना, तसंच. मूळ अर्थ एकच, पेरलेलं.

एवढी हुशार, पण आदल्या वर्षी तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांपुढं तिची दातखीळ बसली होती. यंदा ती परीक्षा निघाली नसती तर शिक्षण संपलंच. तिचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. फडात एक कोयता म्हणजे दोन माणसं, एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या. मागच्या हंगामात आईची कंबर गेली होती. वडिलांनी साफ सांगितलं होतं, पास झालीस तर शीक, न्हाईतर आईच्या जागी चल.

परीक्षा आली नेमकी ऊसतोडीचा ट्रक निघायच्या दिवशी. सरांनी पहिलाच शब्द विचारला, ‘लिबेर’. मी दाराबाहेर कान लावून उभी. पण ती बोलायला लागली ती थांबलीच न्हाई. थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या आणि पास झाल्याचं हळूच सांगून गेल्या. एसटीत आमी येड्यासारख्या हसत होतो.

गावात पोचलो तर ट्रक भरत आला होता. वडिलांनी ऐकलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुकादमानं विचारलं, मग जोडीला कोण? इतके दिवस रूपं चालवत बसलो, पण हा प्रश्न आमच्या दोघींच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

तिची आई घरातून स्वतःचं बोचकं घेऊन आली.

“आये, तू नको. मी जाते.”

“तू शीक. माझ्या कंबरेचं मी बघते.”

चाकावर पाय ठेवून आईला वर चढता येईना. एका दंडाला वडिलांनी धरलं, दुसऱ्या दंडाला माझ्या मैत्रिणीनं, आणि तिनंच आईला ट्रकमध्ये चढवलं.