फेट्याचा कासरा

गाव सोडून शहरात, गारखेड्यात राहायला आल्यापासून सरूबाईचा जीव रमायचा तो फक्त शेजारच्या उमाताईंच्या ओट्यावर. उमाताई कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. आइसलंड नावाच्या बर्फाळ बेटावरच्या सात-आठशे वर्षांपूर्वीच्या कुळकथा त्या नव्या इंग्रजी भाषांतरात वाचायच्या आणि सरूबाईला मराठीत सांगायच्या. सरूबाईला अक्षर येत नव्हतं, पण चौकशा वकिलाच्या वरताण. तिथं ज्वारी पिकते का? बैल असतात का? एवढ्या थंडीत बाळंतिणीला शेकायला काय?

पहिल्याच दिवशी उमाताईंनी 'अमक्याचा मुलगा तमका' अशी दोन पानं गाळली, तर ही तणतणली. "आमचा भाट आधी पिढ्या सांगतो, मग बिदागी मागतो. मूळ ठावं नाय, तर भांडण कोणाचं हे कसं कळावं?" उमाताई निमूट मागच्या पानावर गेल्या.

मग एका दुपारी गोष्टीत एक विधवा आली. मारामारीत मेलेल्या नवऱ्याची रक्ताळलेली टोपी ती दर सणाला मुलाच्या ताटाशेजारी ठेवायची. तोंडानं काही बोलायची नाही. एका सणाला पोरगा ताटावरून उठला आणि त्यानं कुऱ्हाड उचलली.

एरवी "पुढं?" म्हणून पिच्छा पुरवणारी सरूबाई आज ओट्यावरून उठू लागली.

तिच्या ट्रंकेत नवऱ्याचा फाटका लाल फेटा होता. खुलताबादजवळच्या त्यांच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कोणाचा, यावरून चौदा वर्षांपूर्वी चुलतदीर कडूबाशी हातघाई झाली, तेव्हा कडूबानं ओढून फाडलेला. नवरा पुढं तापानं गेला. पण दर पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गावी जाऊन तो फेटा तिथं शेती बघणाऱ्या मुलापुढं, सांडूपुढं, ठेवायची. तीही काही बोलायची नाही. यंदा सांडूनं चार काठ्यांना लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या.

"पोराचं काय झालं, वाचू?" उमाताईंनी विचारलं.

"नको. पोळा होऊ द्या."

घरी येऊन तिनं फेट्याच्या तीन लांब पट्ट्या फाडल्या. चार दिवस पीळ देत, वेणी घालत बसली. चांगला दणकट कासरा झाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती एकटीच कडूबाच्या वाड्यात शिरली. तो बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता. तिनं कासरा पुढं केला.

"बैलाला घाल. औंदा तुझा बैल पुढं."

कडूबानं हात पुसून कासरा घेतला. विटका लाल रंग बघितला आणि त्याचा हात थांबला. "वैनी, ह्यो दादाचा..."

"व्हय. तू फाडला, मी वळला."

तो हमसून रडला. तिलाही आवरेना. माय कुठं गेली म्हणून शोधत सांडू आला, तर ती कडूबाच्या ओसरीवर बशीतून चहा पीत होती.

पोळा काठीविना पार पडला, आणि चार दिवसांनी ती उमाताईंच्या ओट्यावर येऊन बसली. "वाचा आता."

उमाताईंनी वाचलं. पोरगा मेला. मग त्याला मारणारा मेला. मग त्याचा भाऊ. घर जळालं.

सरूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बिचारीकडं टोपीच व्हती हो. एवढ्याशा टोपीचा कासरा कसा वळावा?"