अर्थवाले तात्या

तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आमच्या अख्ख्या एजन्सीत अर्थ कळणारा तो एकच माणूस होता. हा विनोद माझा नव्हे, वर्कशॉपमधला जुनाच. मोटारीत करंट बॅटरीतून निघतो, दिवा पेटवतो, हॉर्न वाजवतो आणि गाडीच्या लोखंडी अंगातून पुन्हा बॅटरीकडे परत येतो. त्या परतीच्या वाटेला मेकॅनिक लोक इंग्रजीतला 'अर्थ' म्हणतात. मी बी.ए.ला मराठी घेतलेलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी तात्या एका जीपखालून म्हणाले, "आरं, हिला अर्थच न्हाई," आणि मी मनात म्हटलं, वा, काय विचारवंत माणूस आहे. खरा प्रकार कळल्यावर सगळं वर्कशॉप माझ्यावर आठवडाभर हसत होतं. तात्या तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "हसू द्या, भाऊसाहेब. तुमचा अर्थ न्हाई लागला तर पुस्तक बंद, माजा न्हाई लागला तर गाडी बंद."

नगरला स्टेशनकडच्या रस्त्यावर ही मोटारींची एजन्सी होती. नाव सांगत नाही, आता ती नाहीही. मी तिथे वॉरंटीचा कारकून होतो, पण वॉरंटी हा शब्द फक्त माझ्या टेबलावरच्या पाटीवर. बाकी सगळे 'गॅरंटी' म्हणायचे. त्या काळी नंबर लावून लोक नव्या गाडीची पाच-पाच वर्षं वाट बघत. गाडी आली की पहिले सहा महिने गॅरंटीचे. त्या मुदतीत पार्ट फुकट बदलून मिळे, पण कुठला पार्ट गेला ते आधी कंपनीला कळवावं लागे. मोडलेलं, जळलेलं, गळणारं काहीही चाले. अडचण फक्त त्या गाड्यांची, ज्या रस्त्यावर बंद पडायच्या आणि आमच्या दारात मात्र पहिल्या सेल्फला सुरू व्हायच्या. अशांच्या जॉबकार्डावर मी माझ्या वळणदार अक्षरात एक ठरलेलं वाक्य लिहायचो : 'दोष आढळला नाही.' मॅनेजरसाहेबांना हे वाक्य फार आवडायचं. कंपनी खूश, मॅनेजर खूश, आणि गिऱ्हाईक बिचारं कागद घेऊन घरी.

तात्यांना त्या वाक्याचा मनापासून राग होता. हा बेलापूरचा किडकिडीत माणूस, पन्नाशी उलटलेला, अंगात खाकी सदरा, कानामागे टेस्टर. आधी नगरच्या मिलिटरी वर्कशॉपात पंधरा-सोळा वर्षं गाड्यांचं वायरिंग करून आलेला. मी कार्ड वाचून दाखवलं की म्हणायचे, "दोष न्हाई आसं म्हनू ने, भाऊसाहेब. तात्याला गावला न्हाई म्हनावं. लई फरक हाय." मी म्हणायचो, तात्या, कंपनीला तुमचा फरक कळत नाही. त्यावर ते म्हणत, "सासुरवाशीन म्हायेरी आली का बरंच हाय म्हनती. म्हनून तिला सासरी बरं आसतं व्हय?"

कार्डावर इलेक्ट्रिशियनची सही लागे. तात्या अंगठा देत नसत, त्याची त्यांना लाज वाटे. मिलिटरीतल्या एका सुभेदाराने त्यांना वायरिंगचे नकाशे वाचायला शिकवलं होतं, त्यात अर्थची एक खूण असते : एक उभी रेघ, आणि तिच्या खाली तीन आडव्या रेघा. तात्यांनी तीच आपली सही ठरवली होती. जीभ दाताखाली धरून, सावकाश काढायचे. एकदा मी विचारलं, या रेघा लहानमोठ्या का? तर म्हणाले, "मोटी वर, बारकी खाली. अर्थ जिमिनीत मुरत जातो, म्हनून बारीक हुत जातो." मी मान डोलावली. ऐकलं मात्र नाही, हे पुढे कळलं.

दोष हुडकायची त्यांची रीत एकच. गाडीत बसून राहायचं. बेलापूरच्याच एका अडत्याच्या गाडीचा हॉर्न वाटेल तेव्हा आपोआप वाजायचा, आणि एकदा तर मयतीच्या वेळीच वाजला. वर्कशॉपात गाडी मुकी. तात्या सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले आणि अडत्याला म्हणाले, "शेठ, तुमी तुमचं काम करा, मी हाय म्हनून समजूच नका." दिवसभर अडत्याने त्यांना बाजार समिती, व्याही, मेव्हणे असं सगळीकडे फिरवलं. तीन घरी जेवले. तिसऱ्या घरातून निघताना गाडी डावीकडे वळली, हॉर्न वाजला आणि तात्या म्हणाले, "गावली." स्टीअरिंगच्या नळीत एक वायर घासत होती. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, "भाऊसाहेब, ल्ह्या. दोष आडळला. आन् जेवन बरं हुतं, त्ये नका लिवू."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात काष्टीच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. दुष्काळी कामांमुळे जिकडेतिकडे रस्ते उकरलेले, खडी पसरलेली. बाई एकट्या दवाखाना चालवायच्या, आणि अडलेली बाळंतीण नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची तर पाच वर्षं थांबून मिळालेली ही गाडीच. पण ती मध्येच मरायची. चालता चालता इंजिन गप, सेल्फही गप. दहा मिनिटांनी, काही न करता, पुन्हा सुरू. बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "मी तोपर्यंत पेशंटसाठी साखर कारखान्याची जीप मागून घेते. ही गाडी बिनधोक आहे असं तुमचा माणूस लिहून देईल, तेव्हाच हिच्यात पेशंट घालीन." गॅरंटी संपायला तीन आठवडे उरले होते.

गाडी दोनदा येऊन गेली. मॅनेजरसाहेब चार मैलांपलीकडे ट्रायल घेऊ देत नसत, पेट्रोल जातं म्हणून, आणि चार मैलांत ती शहाण्यासारखी चालायची. तिसऱ्यांदा आली तो गुरुवार होता. तात्या बेलापूरला लेकीच्या लेकीच्या बारशाला निघाले होते. जाता जाता माझ्या टेबलाशी थांबले. "सोमवारी आलो का हिला काष्टीपतुर नेतो आन् आनतो. पेट्रोल माज्या पगारातनं कापा. तवर कार्ड उगडं ठेवा, भाऊसाहेब." मी म्हटलं, ठेवतो. दारातून परत फिरून म्हणाले, "ठेवा हां."

शनिवारी महिनाअखेर होती. महिन्याचा तक्ता कंपनीला जायचा होता, आणि त्यात एक कार्ड उघडं राहिलं की मॅनेजरसाहेबांना वरून पत्र येई. ते म्हणाले, "बंद करून टाक रे. दोनदा बघितलीय ना त्याने." मी म्हटलं, सही राहिलीय. ते म्हणाले, "सही कसली, रेघोट्या त्या." माझी नोकरी नवी, घरी दोन बहिणी लग्नाच्या. असं मी अजूनही म्हणतो, पण खरं सांगायचं तर मी त्या क्षणी बहिणींचा विचार केला नव्हता. मला फक्त तक्ता संपवून घरी जायचं होतं. मी लिहिलं, 'दोष आढळला नाही. गाडी लांबच्या प्रवासास योग्य,' आणि खाली एक उभी रेघ व तीन आडव्या रेघा ओढल्या. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. डॉक्टरीणबाईंचा ड्रायव्हर गाडी आणि कागद घेऊन गेला.

रविवारी भर दुपारी नगर दहा मैलांवर असताना गाडी खडीत बंद पडली. मागच्या सीटवर एक बाळंतीण होती, रक्त थांबत नव्हतं. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, पुढे जाऊन पुन्हा मेली, मग पुन्हा. एक ट्रक थांबला तोवर ती बाई गेली होती. मूल वाचलं. तिचं नाव मला हे कळलं तेव्हा विचारवलं नाही, आणि पुढे कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, ती गाडी ओढून आणवून. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मी या कागदावर विश्वास ठेवला. नाहीतर जीप मागवली असती. कुणाची सही आहे ही?" तात्या नुकतेच बेलापूरच्या एस.टी.तून उतरून आले होते, हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी, आम्हाला वाटायला आणलेली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तात्या, सही तुमचीच ना?" मी दारात उभा होतो.

तात्यांनी कार्ड हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, पण रेघांकडे बराच वेळ बघत राहिले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "व्हय," म्हणाले, "माजीच."

मी तोंड उघडायला हवं होतं. एक शब्द पुरे होता, 'नाही' एवढाच. तो माझ्या तोंडून निघाला नाही. डॉक्टरीणबाई तात्यांना म्हणाल्या, "तुम्हाला मुली आहेत का?" तात्यांनी मान खाली घातली.

तात्यांना त्याच दिवशी काम सोडून जायला सांगितलं. पण जाण्याआधी ते त्या गाडीकडे गेले. साहेब म्हणाले, आता कशाला हात लावता? तात्यांनी ऐकलंच नाही. मला म्हणाले, "भाऊसाहेब, सेल्फ मारा. सोडू नका." मी आत बसून सेल्फ मारत राहिलो. इंजिन कण्हल्यासारखं फिरलं. त्यांनी चोकच्या तारेला बोट लावलं आणि झटकन काढलं; तार तापली होती. म्हणजे करंटला परतीची खरी वाट मिळत नव्हती, म्हणून तो त्या बारीक तारेतून वाट काढत होता. त्यांनी गाडीखाली पडून इंजिनाची अर्थची पट्टी सोडवली. नव्या कोऱ्या गाडीत ती पट्टी रंगावरच आवळून बसवलेली होती. वरून बघाल तर घट्ट, आतून रंगाचा पापुद्रा. इंजिन तापलं आणि खडीत हादरलं की संपर्क सुटायचा. तात्यांनी चाकूने रंग खरवडला, पट्टी पुन्हा आवळली. पाच मिनिटांचं काम. काष्टीपर्यंत गेले असते तर वाटेतच सापडलं असतं.

गाडीखालूनच, मला एकट्याला ऐकू येईल असं, ते बोलले. "अर्थ उलटा काडला तुमी, भाऊसाहेब. मोटी रेघ वर आसती."

मी देवळाच्या पायऱ्यांसारख्या काढल्या होत्या, लहान वर, मोठी खाली. मी म्हटलं, "तात्या, मी साहेबांना सांगतो." ते बाहेर आले, हात पुसले. "सांगून ती बाई येनार हाय का? तुमची नोकरी जाईल, माजीबी ऱ्हानार न्हाई. कार्डावर ल्ह्या आता, दोष आडळला." मी लिहिलं. त्यांनी सावकाश, जीभ दाताखाली धरून, खाली सही केली. घुगऱ्यांची पुडी माझ्या टेबलावर तशीच होती. ती मी घरी नेली नाही, टाकलीही नाही. दोन दिवसांनी शिपायाने उचलली.

मी सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच. त्या आठवड्यात नाही, महिन्यात नाही. बहिणीचं लग्न झालं की, मग पावसाळा सरला की, अशी मी स्वतःला तारीख देत राहिलो. 'दोष आढळला नाही' मात्र पुन्हा लिहवलं नाही. मी 'अजून सापडला नाही' असं लिहू लागलो आणि त्यावरून साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. तेवढ्याने मला बरं वाटायचं. किती स्वस्तात बरं वाटून घेत होतो मी.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी बेलापूरची एस.टी. धरली. घर विचारत गेलो. अंगणात तात्यांची कारभारीण भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. कपाळ मोकळं होतं. मी काही विचारायच्या आधीच कळलं. भादव्यात गेले, ती म्हणाली, तापाचं निमित्त झालं.

"तुमी नगरचं भाऊसाहेब ना?" तिनेच विचारलं. "लई वाट बगितली त्यांनी तुमची. मी म्हनायची, कोन कशाला येतंय. तर म्हनायचे, येत्याल. वायर लूज आसंल, तुटलेली न्हाई."

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "काकी, त्या कार्डावरची सही त्यांची नव्हती. मी केली होती."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं होतं, तिला तरी ठाऊक असेल. घरी येऊन तिला तरी सांगितलं असेल.

"मी त्यान्ला लई बोलले, भाऊसाहेब," ती म्हणाली. "नात मांडीवर घिऊन बोलले. म्हनलं, तिकडं कुनाची लेक मारली आन् हितं बारसं जेवला. नातीला त्यांच्या हातात देत नव्हते मी. येका शबदानं न्हाई म्हनले न्हाईत."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"हे त्ये आस्ताना सांगायचं हुतं," ती म्हणाली. रागाने नाही. मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "कशी हुती त्यांची सही? मी कदी बगितलीच न्हाई."

मी शेंगांची टरफलं बाजूला सारली आणि अंगणातल्या मातीत बोटाने उभी रेघ काढली. तिच्या खाली तीन आडव्या. मोठी वर ठेवली.